काकूंचं जंगम घर

स्टेट कॉलेज नावाच्या त्या अमेरिकन गावातल्या माझ्या पाचव्या वर्षी मी पुरती जागी अशी क्वचितच असायचे. लॅबमध्ये जायचे, मातीचे नमुने चाळायचे, ओव्हनमध्ये वाळवून त्यांची वजनं लिहायचे, कॅम्पसच्या बसने घरी यायचे. पण हे सगळं करणारी बाई माझ्या दोन पावलं पुढे चालते आहे आणि मी तिला मागून बघते आहे, असं वाटत राहायचं. नागपूर सोडून इतकी वर्षं झाली होती की तिथलं ऊनसुद्धा कुणी सांगितलेल्या गोष्टीतलं वाटे. पीएचडी संपायचं नाव घेत नव्हती.

रविवार मात्र खरा असायचा, कारण रविवारी काकूंकडे जेवण असायचं.

काकू मूळच्या सांगलीच्या. काका युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री विभागात काच फुंकायचे. प्रयोगांना लागणाऱ्या वेड्यावाकड्या नळ्या, फुगे, चंबू ते ज्योतीवर घडवत. ते गेले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. काकू एका डायनिंग हॉलच्या बेकरीत कामाला होत्या. पहाटेची शिफ्ट, दुपारी एकला सुट्टी, अशी अठरा वर्षं. एकसष्टाव्या वर्षीही पावांचे जडशीळ ट्रे त्या बोलता बोलता उचलायच्या. रविवारी आम्हा पाच-सहा जणींना घरी बोलवायच्या, पिठलं-भाकरी नाहीतर मटकीची उसळ करायच्या, आणि जेवणं झाली की आम्ही त्यांच्या कार्पेटवर जिथे जागा मिळेल तिथे आडव्या व्हायचो. खिडकीत काकांनी केलेले चंबू ओळीने ठेवलेले होते. दुपारचं ऊन त्यांतून वाकडंतिकडं होऊन भिंतीवर यायचं आणि हळूहळू सरकत दारापर्यंत जायचं. अर्धवट झोपेत मी ते बघत पडायचे.

अशाच एका रविवारी, बाकीच्या गेल्यावर, काकूंनी मला एक पत्र दाखवलं. त्यांची ती जुनी दुमजली इमारत विकली गेली होती. तिथे विद्यार्थ्यांसाठी टॉवर होणार होता. वर्षभराचं लीज संपलं की सगळ्या भाडेकरूंनी जागा सोडायची होती.

"मग आता काय हो, काकू?"

"मुलगा म्हणतो, इकडे अल्फारेटाला माझ्या घरी ये. बेसमेंट रिकामं आहे म्हणतो, बाथरूमसकट." त्यांनी पत्राची पहिलीसारखीच घडी घातली. "सून चांगली आहे. नातवंडं गोड आहेत. पण तिथे मी पाहुणी गं. पाहुण्याला साधा फ्रिज उघडायचा तरी आधी मनाशी काहीतरी ठरवावं लागतं."

मग त्यांनी विचारलं, "तुझी ती जुनी गाडी शनिवारी काढशील ना? मला एक घर बघायचंय."

हायवेला लागून एक मोठं मैदान होतं. तिथे अकरा-बारा घरं ओळीत उभी होती. अंगण नाही, झाड नाही, शेजार नाही, नुसती घरं. ही घरं कारखान्यात तयार होतात, ट्रकला जोडून रस्त्याने येतात आणि जिथे जागा असेल तिथे बसवली जातात. कागदोपत्री त्यांना मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात, लोक अजून ट्रेलरच म्हणतात. साध्या घरापेक्षा ती बरीच स्वस्त पडतात, म्हणून काकूंनी बेकरीतल्या एका बाईकडून या जागेचा पत्ता घेतला होता.

ती दुपार मला आजही एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारखी आठवते. आम्ही एका घरातून निघून दुसऱ्यात शिरत होतो. प्रत्येक दारात काकू चपला काढत होत्या. आत टेबलावर चौघांची ताटं मांडलेली, टोपलीत प्लास्टिकची लिंबं, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही, शेल्फवर पानं नसलेली पुस्तकं. पलंगावर पांघरुणाचा कोपरा दुमडलेला, जणू कुणीतरी आत्ताच दात घासायला गेलं आहे. नव्या कार्पेटचा वास डोक्यात चढत होता. कोणत्याही खिडकीतून पाहिलं तरी तोच हायवे दिसायचा, आणि घर बदललं तरी आपण तिथेच आहोत असं वाटायचं.

सातव्या घरात काकू थांबल्या. राखाडी रंगाचं, पांढऱ्या चौकटींचं घर. सिंकच्या वर हात पसरावे एवढी रुंद खिडकी. काकूंनी नळ फिरवला. पाणी अर्थातच आलं नाही. तरी त्या दोन्ही हात सिंकवर ठेवून बराच वेळ बाहेर बघत राहिल्या.

"हे," त्या म्हणाल्या.

घरं विकणारा माणूस वयस्कर होता, मऊ बोलणारा, गुलाबी चेहऱ्याचा. त्याने आम्हाला थंड लेमोनेड दिलं. बँकेत खेटे घालायची गरज नाही, म्हणाला. कर्ज देणारी कंपनी त्याच्या ओळखीची होती. घर ठेवायला जागाही होती. गावाबाहेरच्या एका पार्कमध्ये, म्हणजे अशाच घरांच्या वसाहतीत, प्लॉट रिकामा होता, त्याचं महिन्याचं भाडं द्यायचं. व्याजाचा दर मात्र आजच्यापुरता. त्याने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि कुठे कुठे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या दाखवल्या.

काकूंनी गठ्ठा माझ्याकडे दिला. त्या सराईत इंग्रजी बोलायच्या, पण कायद्याचं बारीक अक्षर आलं की अडायच्या. मी पहिलं पान वाचलं. शेवटचं वाचलं. मधली पानं नुसती उलटली. बाहेर त्या मैदानावरच्या दोरीला लावलेली छोटी छोटी निशाणं वाऱ्यावर फडफडत होती आणि मी त्यांच्याकडे बघत होते.

"वाचलंस ना गं? ठीक आहे ना?" काकूंनी विचारलं.

"हो, ठीक आहे," मी म्हणाले.

त्यांनी सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या आणि डिपॉझिटचा चेक दिला. कर्ज मंजूर व्हायला दोन आठवडे लागतील, असं त्या माणसाने सांगितलं. परतताना गाडीत काकू खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा लावायचा यावर बोलत होत्या.

मंगळवारी लॅबमध्ये नमुने वाळत होते. चार तास मला काहीच काम नव्हतं. काकूंनी कागदांची एक प्रत माझ्याकडे ठेवायला दिली होती, ती बॅगेत होती. मी ती काढली आणि पहिल्यांदा मधली पानं वाचली.

दुपारी एकला मी डायनिंग हॉलच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. काकू पांढऱ्या एप्रनमध्ये बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात पिठाने भरलेले होते.

"काकू, मी त्या दिवशी वाचलं नव्हतं."

"किती वाचलं नव्हतंस?"

"मधलं सगळं."

समोर एक ट्रक पाव भरायला मागे मागे येत होता, त्याचा टूंटूं आवाज चालू होता. तो थांबला. मग काकूंनी एप्रन सोडला, त्याची घडी केली.

"चल घरी. आता वाच. मोठ्यानं. मराठीत."

आम्हाला तीन दुपारी लागल्या. काकू खाली बसून भाजी निवडायच्या, मी एकेक वाक्य वाचून त्याचं मराठी करायचे. मला शब्द सापडत नव्हते. घरी बोलायचं मराठी वेगळं आणि कर्जाचं वेगळं. लहानपणी वडिलांच्या टेबलावर पाहिलेले, तहसील कचेरीच्या भिंतींवर पाहिलेले शब्द कुठून कुठून वर येत होते. गहाण. थकबाकी. जप्ती. नागपूरचं एक आख्खं दालन, जे मी विसरले होते, त्या गालिच्यावर उघडत होतं.

"यात म्हटलंय की हे घर जंगम मालमत्ता समजलं जाईल," मी म्हणाले.

काकूंचा हात थांबला. "जंगम? घर?"

"जमिनीला धरून असतं ते स्थावर. हलवता येतं ते जंगम. घर तुमचं, पण खालची जमीन पार्कवाल्याची. म्हणून हे कर्ज घराच्या कर्जासारखं नाही, गाडीच्या कर्जासारखं आहे. व्याज जास्त, मुदत कमी. हप्ते थकले तर गाडी ओढून नेतात तसं घर नेऊ शकतात."

"आमच्या गल्लीत जंगम यायचे," काकू म्हणाल्या. "घंटा वाजवत. आई त्यांना सुपातून जोंधळे घालायची." आणि त्या एकदम हसायला लागल्या. मलाही हसू आलं. बराच वेळ आम्ही दोघी त्या शब्दावर हसत होतो, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं.

काकूंनी पालक बाजूला सारला, परातीत कणीक घेतली आणि परात माझ्यापुढे ठेवली. "मळ. आणि पुढचं सांग."

पुढचं असं होतं. प्लॉटचा करार महिन्या-महिन्याचा होता. भाडं कितीही वाढू शकत होतं. पार्क विकला गेला तर घर उचलून दुसरीकडे न्यायचं, तो खर्च आपला, आणि दुसरीकडे जागा मिळेलच असं नाही. कर्जात एक विमा घातलेला होता, जो काकूंनी मागितला नव्हता. त्याचे पैसेही कर्जातच धरलेले, त्यांच्यावरही व्याज. आणि भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, कंपनी म्हणेल त्या पंचाकडे जायचं, असं एका परिच्छेदात होतं.

काकू शांतपणे ऐकत होत्या. "म्हणजे नावाला जंगम," त्या म्हणाल्या, "पण हलवायला जागा नाही."

मग त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. आईने शिवणकामाचे पैसे गल्लीतल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. चेअरमन घरी येऊन चहा पिऊन जायचे. एका सकाळी पतसंस्थेला कुलूप दिसलं, आणि आई पुढे कित्येक महिने रोज भाजी आणायला त्याच रस्त्याने जायची, उगीच, कुलूप तसंच आहे का बघायला. "आईनं कुणाला शिव्या घातल्या नाहीत," काकू म्हणाल्या. "ती म्हणायची, मी विचारायला लाजले. मला काय कळतंय, असं म्हणून गप्प बसले. एवढंच तिला लागलं होतं."

मला त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारच्या गावात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, घर घेणाऱ्यांना फुकट सल्ला देणारं एक छोटं ऑफिस होतं. मला ते लायब्ररीतल्या बोर्डावरच्या कागदावरून कळलं. तिथली बाई उंच होती, पांढऱ्या केसांची लांब वेणी घालणारी. तिने आमचा गठ्ठा सावकाश, एकेक पान उलटत वाचला. तिने पेन खाली ठेवलं तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता.

"कर्ज अजून मंजूर झालेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही अजून बाहेर पडू शकता. मी एक पत्र लिहून देते. पण आधी मला सांगा, तुम्हाला घरच नकोय, की हे कागद नकोत?"

"घर पाहिजे," काकू म्हणाल्या. "ते राखाडी. खिडकीवालं."

त्या बाईने मान हलवली. घर वाईट नाही, म्हणाली. प्रत्येक घराच्या बाहेरच्या अंगाला एक छोटी लाल पट्टी ठोकलेली असते, सरकारी नियमांप्रमाणे बांधल्याची खूण, ती बघा. घर बसवल्यावर तपासणीस येईल, त्याच्या आधी शेवटचा चेक देऊ नका. विकणारा सांगेल त्याच कंपनीकडून कर्ज घ्यायची सक्ती नसते, चार ठिकाणी विचारा. आणि सगळ्यांत आधी जमीन बघा. "घर नंतरही मिळेल. जमीन कुणाची आहे ते आधी."

शुक्रवारी काकू कामावरून सुटल्या तशाच, युनिफॉर्ममध्ये, माझ्या गाडीत बसल्या. मैदानावरच्या त्या ऑफिसात जाऊन त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "तुमचं घर मला आवडलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमचे कागद नाही आवडले. घर मी घेईन. कर्ज आणि जागा माझी मी बघीन. आधीच्या सह्या रद्द करा."

तो माणूस हसत हसत बोलत राहिला. डिपॉझिट परत मिळत नाही म्हणाला, दर उद्या वाढेल म्हणाला, लेमोनेड देऊ का म्हणाला. काकू उभ्याच राहिल्या. तीन आठवड्यांनी चेक पोस्टाने परत आला, सोबत एक ओळसुद्धा नव्हती.

जमिनीचा रस्ता वेणीवाल्या बाईनेच दाखवला. डोंगराची एक लांब धार ओलांडली की पलीकडे एक दरी लागते. तिथे तीसेक घरांचा एक पार्क होता. पूर्वी एका माणसाच्या मालकीचा. त्याने विकायला काढला तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी मिळून कर्ज उभं केलं आणि खालची जमीन स्वतःच विकत घेतली. आता ती सगळ्यांची होती, आणि एक प्लॉट रिकामा होता.

"म्हणजे सोसायटी!" काकू म्हणाल्या. "अगं, ही तर आपली सहकारी सोसायटी!"

त्या सोसायटीचं मेंबर व्हायचं तर आधी कमिटीला भेटावं लागे. मीटिंग त्यांच्या जुन्या लाँड्रीच्या खोलीत होती. भिंतीला दोन बंद मशीनं, मधे घडीच्या खुर्च्या. पाच माणसं बसली होती. अध्यक्ष होत्या एक निवृत्त बाई, ज्यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आवाज असा की शेवटच्या सीटपर्यंत जावा.

"को-ऑप म्हणजे काय असतं, कल्पना आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील दूध संस्थेचे सेक्रेटरी होते," काकू म्हणाल्या. "चाळीस मेंबर. रोज चाळीस भांडणं. माझ्या दुधाला फॅट कमी कसं लागलं, त्याच्या दुधाला जास्त कसं लागलं."

खोली हसली. बसवाल्या बाईसुद्धा हसल्या. इथेही तसंच आहे, म्हणाल्या, फक्त दुधाऐवजी कुत्री आणि पार्किंग.

"मी एक विचारू?" काकू म्हणाल्या. "तुमचं शेवटचं ऑडिट कधी झालं?"

एक म्हातारा आपल्या टोपीकडे बघायला लागला. शेवटी बसवाल्या बाई म्हणाल्या की खजिनदार मागच्या वर्षी मुलीकडे राहायला गेला, तेव्हापासून ते राहूनच गेलं आहे. मग त्यांनी काकूंकडे जरा निरखून पाहिलं. त्याच संध्याकाळी काकूंना मेंबर करून घेतल्याचा फोन आला.

कर्ज गावातल्या एका क्रेडिट युनियनने दिलं. आत शिरताना काकूंनी पाटी वाचली आणि क्षणभर पायरीवरच थांबल्या. मी सांगितलं होतं, क्रेडिट युनियन म्हणजे एक प्रकारची पतसंस्थाच. आत गेल्यावर त्यांनी त्या तरुण अधिकाऱ्याला इतके प्रश्न विचारले की तो दोनदा पाणी प्यायला. ठेवींचा विमा कुणाचा? तुम्ही बुडालात तर काय? हा कागद पाचच पानांचा का? घर कागदावर अजून जंगमच होतं, पण व्याज कमी होतं, न मागितलेला विमा नव्हता, आणि खालच्या जमिनीचा करार लांब मुदतीचा होता. काकूंनी पाचही पानं स्वतः वाचली, बोट ठेवून, आणि अडल्या तिथेच मला विचारलं. मग मैदानावर जाऊन तेच राखाडी घर नव्या कागदांवर घेतलं.

मुलाला त्यांनी माझ्या गाडीतूनच फोन केला.

"आई, ट्रेलर? सिरियसली?" स्पीकरवर त्याचा आवाज आला. "मी इथे एवढं घर घेऊन बसलोय आणि तू ट्रेलर पार्कमध्ये राहणार? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक रे?"

मग पलीकडून, "ओके, फाइन. डिलिव्हरी कधी आहे? मी येतो. तू एकटीने काही साइन करू नकोस."

"सगळं करून झालं," काकू म्हणाल्या. "तू नुसता ये."

घर आलं तो ऑक्टोबरचा दिवस होता. दरीत धुकं एवढं की रस्त्याकडेची मक्याची वाळकी शेतं चार हातांवर संपत होती. काकू, मी आणि आदल्या दिवशी आलेला त्यांचा मुलगा, असे आम्ही तिघं पार्कच्या तोंडाशी उभे होतो. तिकडे मोटारगाड्या न वापरणाऱ्या आमिश लोकांची वस्ती आहे; त्यांची एक काळी घोडागाडी रस्त्याच्या कडेला थांबली होती आणि गाडीवान लगाम धरून पुढे बघत होता. आधी एक पिवळा दिवा दिसला. मग धुक्यातून एक भिंत आली. मग खिडकी. अर्धं घर, शांतपणे, माणूस चालतो त्या वेगाने, शेतांमधून तरंगत येत होतं. उघड्या बाजूला प्लास्टिकचा पातळ पडदा होता. तो वाऱ्याने फुगला आणि आतलं सिंक दिसलं, कपाटं दिसली, छतातला दिवा हलताना दिसला. काकूंचं स्वयंपाकघर आमच्या समोरून चाललं होतं. घोड्याने एकदा मान झटकली. मागून दुसरा अर्धा भाग आला, त्यात निजायच्या खोल्या.

मला वाटलं मी बोलले तर ते विरून जाईल. काकूंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. मुलाने व्हिडिओ काढायला फोन वर केला होता, तो तसाच हातात राहिला. नंतर कळलं की त्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच नव्हतं.

दुपारपर्यंत दोन्ही अर्धे एकमेकांना जोडले गेले. मुलगा नोकरीने टेस्टर, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं त्याचं काम. तो उठला आणि घरभर फिरायला लागला. एकेक दार उघडून बंद कर, जमिनीवर गोटी ठेवून ती कुठे घरंगळते बघ, खाली वाकून आधार मोज. संध्याकाळी त्याने आईसमोर लॅपटॉप ठेवला. "आई, अकरा बग आहेत. बेडरूमचं दार घासतंय, म्हणजे त्या कोपऱ्यात लेव्हल चुकलीय. हे फिक्स झाल्याशिवाय फायनल चेक द्यायचा नाही." तपासणीस आला तेव्हा त्याने पहिल्यांदा तोच कोपरा दाखवला. माणसांना परत यावं लागलं, घराचा तो कोपरा त्यांनी पुन्हा उचलून बसवला, आणि मगच काकूंनी चेक लिहिला. मुलगा आठवडाभरासाठी आला होता, अठरा दिवस राहिला. सोफ्यावर झोपायचा.

राहायला आल्याच्या पहिल्या दिवशी काकूंनी आमटीला फोडणी दिली आणि घरातले सगळे धुराचे अलार्म एकदम ओरडायला लागले. आम्ही टॉवेल घेऊन धावत असतानाच दारावर थाप पडली. बसवाल्या बाई, टोपीवाला म्हातारा आणि आणखी दोघं, एकाच्या हातात आग विझवायचं सिलिंडर. काकूंनी सगळ्यांना आत घेतलं आणि वाट्यांमध्ये आमटी दिली. म्हाताऱ्याला ठसका लागला. त्याने दुसरी वाटी मागितली.

पुढच्या वर्षी माझी पीएचडी संपली. आता मी बऱ्याच लांबच्या श्रूजबरी गावात राहते, नोकरी करते, लग्न झालं आहे. वर्षातून एकदा तरी गाडी काढून काकूंकडे जाते. त्या बेकरीतून निवृत्त झाल्या आहेत आणि पार्कच्या खजिनदार आहेत. ऑडिट दर वर्षी होतं.

गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा रविवार होता आणि दुपारी त्यांची सभा होती. पाण्याची जुनी लाइन बदलायची होती. "तू पड जरा, लांबून आलीयेस," असं म्हणून काकू फाइल घेऊन गेल्या. मी सोफ्यावर आडवी झाले. खिडक्या उघड्या होत्या. सभा गवतावरच भरली होती, खुर्च्या टाकून, आणि आवाज आत येत होते: बसवाल्या बाईंचा मोठा, कुणाचा तरी चिडका, मधेच एक कुत्रं, मधेच काकूंचा सावकाश, आकडा न चुकवता वाचणारा. शब्द कळत नव्हते. कापलेल्या गवताचा वास येत होता. कुठेतरी दूर ट्रॅक्टर चालला होता. मी ऐकत होते आणि ऐकता ऐकता कधी झोप लागली ते कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं. काकू टेबलाशी बसून चष्मा पुसत होत्या.

"झाली मंजूर लाइन," त्या म्हणाल्या. "दोन मतांनी. चहा ठेवू?"